बँकेचा सहावा मजला

कर्जतच्या बाजारात पत्ता सांगताना लोक अजून ‘बँकेच्या बिल्डिंगपासून’ असंच म्हणतात, आणि कुठली बँक हे कुणी विचारत नाही. आता गावात बँका पुष्कळ आहेत. पण बिल्डिंग म्हणजे एकच, उल्हासखोरे सहकारी बँकेची. सहा मजल्यांची.

ती बांधायला घेतली तेव्हा आमच्या कर्जतात दोन मजल्यांच्या वर काही नव्हतं. बँकेचे त्या वेळचे चेअरमन हट्टी गृहस्थ. पुण्याच्या गाड्यांना घाट चढण्याआधी मागून जादा इंजिन लावायला कर्जतला थांबावंच लागतं. तेवढ्या वेळात खिडकीतून बघणाऱ्या प्रत्येक माणसाला आपली बँक दिसली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्या जादा इंजिनालाही रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात, म्हणून चेअरमनसाहेब आता बँकही घाटावर ढकलणार, अशी गावात थट्टा चालायची. पण त्यांनी मुंबईहून आर्किटेक्ट आणला आणि बिल्डिंग चढत गेली. दर्शनी बाजूला सिमेंटच्या उभ्या पट्ट्या, जिन्याला जाळी, खाली मोझॅकची फरशी आणि पितळी कठडा. अगदी वर, सहाव्या मजल्याच्या कपाळावर, भाताच्या लोंब्यांची पेंढी, दोन पुरुष उंचीची.

ती पेंढी करताना धोंडी पडला.

धोंडी घारे भिवपुरीजवळच्या गावचा गवंडी. हात हलका होता, म्हणून नक्षीचं काम त्याच्याकडे दिलेलं. बायको सुंदरा तेव्हा विशीचीही नव्हती आणि मुलगा नवीन मांडीवर होता. परांचीचा बांबू सुटला आणि धोंडी खाली खडीच्या ढिगावर आला. जागच्या जागी गेला.

दिवस घातल्यावर बँकेचे मॅनेजर गावी आले. वाईट माणूस नव्हता. ओट्यावर बसून त्यांनी सुंदराच्या सासऱ्यांना समजावलं. कामावर मेला असं झालं तर चौकशी होईल, बांधकाम थांबेल, चेअरमनसाहेब अडचणीत येतील, आणि एवढं होऊन पोरीच्या पदरात काय पडेल ते सांगता येत नाही. त्याऐवजी तिने असा जबाब द्यावा की त्या दिवशी धोंडीची सुट्टी होती, विसरलेली थापी आणायला तो आपणहून वर चढला. मग बँक माणुसकी म्हणून तिला कायमची नोकरी देईल. सासऱ्यांनी मान वर केली नाही. सुंदराने अंगठा दिला.

बिल्डिंगचं उद्घाटन झालं तेव्हा लिफ्टच्या दारात ती उभी होती. नऊवारी, त्यावर बँकेचा बिल्ला. तालुक्यातली पहिली लिफ्ट आणि ती चालवणारी बाई, याचं लोकांना फार कौतुक. कशेळ्याकडची माणसं काही काम नसताना बँकेत शिरायची आणि एकदा वर जाऊन एकदा खाली यायची. सुंदराबाई जाळीचं दार ओढायच्या, दांडा फिरवायच्या, मजला सांगायच्या. सहाव्या मजल्यावर साहेबांच्या केबिनी होत्या, तिथे दिवसातून कितीदा जावं लागे याला मोजमाप नव्हतं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच केलं. नवीनला शिकवलं, त्याचं लग्न केलं, घर बांधलं. बाप कसा गेला हे नवीन मोठा झाल्यावर त्यांनीच त्याला सांगून टाकलं. गावातही जुन्या माणसांना ते माहीत होतंच. फक्त कुणी बोलत नसे.

पुढे उल्हासखोरे बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली. वरचे मजले बंद पडले, लिफ्ट अडकली ती अडकलीच. तळमजल्यावर मोबाइलची आणि चपलांची दुकानं आली, पट्ट्यांवर फ्लेक्स चढले, लोंब्यांच्या पेंढीतून पिंपळ उगवला. गज गंजून सिमेंटचे पापुद्रे खाली पडायला लागले, तेव्हा पाडण्याची भाषा सुरू झाली.

ती वाचली हर्षलामुळे. हर्षला जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारी आर्किटेक्ट, ठाण्याची. बिल्डिंग विकत घेतली होती खालापूरच्या कमलेशशेठनी. एक्स्प्रेस वेच्या आजूबाजूला जमिनी घेऊन विकण्यात त्यांचा जम बसलेला. त्यांना पाडून नवीन बांधायचं होतं. हर्षलाने त्यांना पटवलं की शनिवार-रविवारला मुंबई-पुण्याहून जी माणसं येतात त्यांना नवी इमारत कुठेही मिळते, अशी मिळत नाही. वर हॉटेल करा, खाली बँकेचा हॉल होता तसा करून ठेवा, लोक बघायला येतील. कमलेशशेठना हिशोब पटला.

मग फ्लेक्स उतरले. पिंपळ मुळासकट काढला. खालच्या मजल्यांच्या कॉलमना नवीन लोखंड बांधून भोवती नवं काँक्रीट भरलं. मोझॅक घासल्यावर हिरवा-पिवळा रंग वर आला आणि बाजारातली माणसं दारात उभी राहून बघायला लागली. बाहेरच्या प्लास्टरचं काम नवीनला मिळालं. पन्नाशी ओलांडलेला नवीन आता लेबर काँट्रॅक्टर होता, दोन टेंपो, चाळीसेक माणसं हाताखाली. बापाचं राहिलेलं काम आपण पुरं करतोय, असं तो चारचौघांत सांगायचा. सुंदराबाई ऐकून घ्यायच्या.

हर्षला त्यांच्याकडे दोनदा येऊन गेली. लिफ्टचा दांडा कसा होता, दाराचा रंग कोणता, शिपाई कुठे बसायचा, सगळं विचारून घेतलं. धोंडीचंही तिने बाजारात ऐकलं होतं. तिने सरळ विचारलं आणि सुंदराबाईंनी सरळ सांगितलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली की हॉलमध्ये इमारतीचा इतिहास लावणार आहोत, त्यात धोंडीबांचं नाव येईल, काम करताना गेले असं स्पष्ट लिहू. कमलेशशेठ लगेच हो म्हणाले होते. अशा गोष्टी पाहुण्यांना आवडतात, असं त्यांचं मत. त्या दिवशी सुंदराबाई बराच वेळ ओट्यावर बसून होत्या. सुनेने हाक मारली तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

उद्घाटन दसऱ्याला ठरलं. पण पाऊस हटेना. भाद्रपद निम्मा गेला तरी रोज दुपारी सर येई आणि ओलं प्लास्टर धुऊन जाई. कमलेशशेठचे फोन वाढले. हर्षलाने सुरुवातीपासून बजावलं होतं की वरच्या मजल्यांवर कमरेला पट्टा बांधल्याशिवाय कुणी चढायचं नाही आणि खाली जाळी हवीच. पट्टा असला की दर चार हातांवर सोडून पुन्हा अडकवावा लागतो, त्यात वेळ जातो. एके दिवशी हर्षला ठाण्याला होती, सकाळपासून ऊन पडलं होतं, आणि नवीनने माणसांना सांगितलं की आज पट्टे राहू देत, सर यायच्या आत वरच्या पट्टीचं प्लास्टर मारून घ्या. जाळी तर आदल्या दिवशीच माल चढवायला बाजूला केली होती.

बुधा निरगुडे चौथ्या मजल्यावरून पडला. कशेळ्याच्या वरच्या वाडीतला पोरगा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. खाली सिमेंटच्या गोण्यांवर घातलेल्या पत्र्यावर पडला म्हणून जीव राहिला. कंबर मोडली. पनवेलला नेलं, तिथून मुंबईला. डॉक्टरांनी सांगितलं की कमरेखालचं अंग आता त्याचं राहिलं नाही.

नवीन तीन दिवस त्याच्या उशाशी होता. चौथ्या दिवशी कमलेशशेठनी त्याला खालापूरच्या ऑफिसात बोलावलं. पोलिसांसमोरचा जबाब अजून व्हायचा होता. बुधाला नीट शुद्ध नव्हती, म्हणून त्याच्या बायकोचं म्हणणं घेणार होते. शेठ शांतपणे बोलले. बुधाचं नाव त्या दिवसाच्या हजेरीत अजून लिहिलेलं नाही, ते लिहूच नये. तो सुट्टीवर होता, आपलं काही सामान घ्यायला वर गेला. बायकोने एवढं सांगितलं तर दवाखान्याचं सगळं आपण बघू आणि तिला हॉटेलात कायमचं काम देऊ. नाहीतर काम थांबेल, आणि नवीन, तुझ्या माणसांचा विमा तर तू काढलेलाच नाहीस.

नवीनला कळलं नाही असं नाही. पण खालापूर ते भिवपुरी येताना त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. दुपारी घरी आला, हातपाय न धुता आईसमोर बसला आणि सगळं सांगितलं. कोंडी, म्हणजे बुधाची बायको, आपलं ऐकत नाही, आपल्याला बघितलं की तोंड फिरवते, असं म्हणाला.

“तू जा,” तो म्हणाला. “तुझं ऐकंल ती.”

“माझंच कशाला?”

“तू त्यातनं गेलीयस म्हणून.”

सुंदराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते, दाढी वाढलेली होती. त्याने पुढे सांगितलं की आपल्याला आत घालतील, घर जाईल, पोराची नोकरी आत्ताच लागलीय.  सुंदराबाई जाते म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कर्जतला आल्या आणि कशेळ्याच्या जीपमध्ये बसल्या. जायचं ते नवीनचं काम करायलाच, असं त्यांच्या मनात होतं. हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. वाटभर त्या कोंडीला काय काय सांगायचं ते जुळवत होत्या. कशेळ्याला उतरून वाडीपर्यंत चढ आहे. गुडघे दुखत होते, दोनदा बसावं लागलं.

कोंडी कपडे घ्यायला मुंबईहून आदल्या दिवशी आली होती. काटकुळी पोर, डोळ्यांखाली काळं. सासूने पाणी दिलं. सुंदराबाईंनी आपण कोण ते सांगितलं, आणि मग आलेलं काम सांगायला लागल्या. शेठ दवाखाना बघतील. कायमची नोकरी मिळेल. पोराबाळांचं होईल. तू एवढंच म्हण की त्या दिवशी त्याची सुट्टी होती. मलाही असंच सांगायला लावलं होतं, मी सांगितलं, आणि माझं घर उभं राहिलं.

कोंडी खाली बघत ऐकत होती. मग तिने विचारलं, “काम कुठं देतीन?”

“तिथंच. त्याच बिल्डिंगीत.”

“रोज तिथं जायाचं?”

 इतक्या वर्षांत हे सुंदराबाईंना कुणी विचारलं नव्हतं. सासऱ्यांनी नाही, मॅनेजरने नाही, नवीननेही नाही. सुरुवातीची कितीतरी वर्षं सहाव्या मजल्यावर दार उघडताना त्या श्वास धरून ठेवत. गच्चीत एकदाही गेल्या नाहीत. लोक लिफ्टमध्ये गंमत म्हणून विचारायचे, बाई, मालक काय करतात? मग सांगावं लागे की इथूनच पडले. कसे पडले? सुट्टी असताना वर चढले. ऐकणारा जीभ चुकचुकवायचा आणि म्हणायचा, काय गरज होती चढायची?

“नको देऊ जबाब तसा,” त्या म्हणाल्या.

कोंडीने मान वर केली.

“माझं घर उभं राहिलं, हे खोटं नाय. पोटाला कमी पडलं नाय. पण माझा माणूस कामाचा होता गं. तो एकदाच पडला. मी मात्र जो इचारील त्याला सांगत गेले, चूक त्याचीच. तुझा तर जिता हाय. त्याच्यासमोर बसून रोज कसं सांगशील?”

कोंडीची सासू रडायला लागली. कोंडी रडली नाही. तिने विचारलं की खरं सांगितलं तर काय मिळेल. सुंदराबाईंनी तिला काही कबूल केलं नाही. मिळेल तेव्हा मिळेल, कदाचित नाहीही मिळणार, असं सांगितलं. आणि हेही सांगितलं की ज्याच्यावर केस होईल तो माझा मुलगा आहे.

संध्याकाळच्या आत त्या घरी आल्या. नवीन दारातच उभा होता. त्यांनी चप्पल काढली आणि काय बोलून आलो ते सांगितलं. एक शब्द लपवला नाही.

 नवीनचा आवाज चढला. शेजारच्या दोन बायका बाहेर आल्या.

“त्याच अंगठ्यावर मी वाढलो ना? तेव्हा नाय वाटलं तुला काय?”

“वाटलं. पण तेव्हा तू मांडीवर होतास.” त्या उंबऱ्यावर बसल्या. “आता तू मांडीवर नाय रं, नवीन. आता पट्टे काढायला सांगणारा तू हायस.”

तो घरातून निघून गेला तो दोन दिवस आला नाही.

कोंडीने पोलिसांना खरं ते सांगितलं. कामावर होता, पट्टा नव्हता, जाळी नव्हती. पण सुंदराबाईंना वाटलं होतं तसं पुढचं घडलं नाही. शेठ अडकतील, निदान दोघे अडकतील, असा त्यांचा अंदाज होता. शेठचा वकील हुशार होता. मजुरांची सगळी जबाबदारी काँट्रॅक्टरची, असा करार आधीपासूनच केलेला होता. हर्षलाने कमरेच्या पट्ट्यांबद्दल आपण काय बजावलं होतं ते सांगितलं, आणि ते नवीनच्याच अंगावर आलं. शेठ फोन करून कशी घाई लावत होते तेही ती बोलली, पण त्याचा पुरावा कुणाकडे नव्हता. अटक एकट्या नवीनला झाली. जामिनावर सुटून आला तेव्हा त्याचे केस एकदम पिकल्यासारखे दिसत होते. दोन्ही टेंपो विकावे लागले. काम दुसऱ्या काँट्रॅक्टरला गेलं.

बिल्डिंगचं उद्घाटन दसऱ्याऐवजी दिवाळीनंतर झालं. फार सुंदर झाली आहे ती, खोटं कशाला बोला. संध्याकाळी दर्शनी सिमेंटच्या पट्ट्यांवर खालून उजेड सोडतात, लिफ्ट जुन्या जाळीच्या दारासकट चालू आहे, आणि घाटाआधी थांबलेल्या गाडीतली माणसं मोबाइल वर करून फोटो काढतात. हॉलमध्ये इतिहास लावला आहे. चेअरमन आहेत, आर्किटेक्ट आहेत, आणि खालच्या ओळीत धोंडी घारे, काम करताना मृत्यू. बुधाचं नाव नाही. तो मेला नाही आणि त्याचं प्रकरण कोर्टात आहे. हर्षलाने त्यावरून भांडण केलं, आणि उद्घाटनाला ती व्यासपीठावर बसली नाही. सुंदराबाई तर गेल्याच नाहीत.

नवीन घरात जेवायचा, झोपायचा, पण आईशी बोलायचा नाही. तिने वाढलेलं ताट घ्यायचा नाही, बायकोने वाढलेलं घ्यायचा. सून बिचारी दोघांच्या मधे. गावातही दोन तट पडले. म्हातारीने पोटच्या पोराला आत घातलं म्हणणारे जास्त होते. सुंदराबाईंना त्यांच्याशी वाद घालता येत नसे, कारण कधीकधी त्यांनाही तेच वाटायचं. खरं सांगितल्याने धोंडीला काही मिळालं असेल तर त्यांना ते दिसत नव्हतं. नवीनचं गेलेलं मात्र रोज समोर दिसत होतं.

बुधाला दवाखान्यातून सोडल्यावर वाडीवर नेता आलं नाही, कारण चढावर चाकाची खुर्ची जात नाही. कशेळ्यात रस्त्याला लागून एक खोली भाड्याने घेतली. कोंडी तिथल्याच एका खानावळीत भाकऱ्या भाजायला जायची. सुंदराबाई आठवड्यातून एकदा जीपने जाऊन कोंडी परत येईपर्यंत बुधाजवळ बसायच्या. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यांच्याच्याने ते होत नसे. शेजारच्या चहावाल्याला हाक मारावी लागे.

एकदा जेवताना त्या सुनेला हेच सांगत होत्या. चहावाला गावाला गेलाय, उद्या कसं करायचं कोण जाणे. नवीन खाली मान घालून जेवत होता. दुसऱ्या दिवशी त्या कर्जतला जीपच्या थांब्यावर पोचल्या, तर तो आधीच जीपमध्ये मागच्या बाकावर बसलेला होता. त्या पुढे बसल्या. 

कोंडी कामावर निघायच्या घाईत होती. नवीनला दारात बघून ती थांबली. तिने खानावळीत निरोप पाठवला की आज उशीर होईल, आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

नवीन आत गेला. बुधाने त्याला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे केलं. नवीनने हात पुसले, एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि सावकाश त्याची कूस बदलली. पोरगं वाळलं होतं, पण निर्जीव पायांचं ओझं निराळंच लागतं. नवीनला धाप लागली. मानेखाली उशी सरकवून तो बाजूला झाला. बुधाने डोळे मिटून घेतले होते. 

“परत कधी बदलायची?” नवीनने कोंडीला विचारलं.

“दुपारच्याला,” कोंडी म्हणाली. मग म्हणाली, “पाय जरा वाकडे ठेवायचे. सरळ ठेवले का त्याला दुखतं म्हंतो, वर पाठीत.”

नवीनने पुन्हा वाकून पाय तसे करून दिले. सुंदराबाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. तो येऊन त्यांच्या शेजारी बसला नाही. रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, आणि दुपार होईपर्यंत तिथेच उभा होता.